स्वयंसेवकांच्या सत्काराचा सेट: सांगलीच्या बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

सांगलीत सत्काराचं सामान विकणाऱ्या दुकानात ‘पंचवीस जणांचा सेट द्या’ एवढं म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. पंचवीस शाली, पंचवीस नारळ, पंचवीस सन्मानचिन्हं, पंचवीस प्रमाणपत्रं, पाहुण्यांसाठी दोन फेटे आणि एक बुके. शाली-नारळ तासाभरात पिशवीत, छपाईचं सामान दोन दिवसांत. सोय म्हणून या सेटला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. पण ज्याच्यासाठी तो घेतला, त्या स्वयंसेवकाच्या हातात दोन वर्षांनी त्यातलं काय उरतं, हे पाहिलं तर गुण भराभर कमी होतात.

या खरेदीचा मोठा मुहूर्त म्हणजे ५ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १७ डिसेंबर १९८५ला ठराव करून हा दिवस स्वयंसेवकांसाठी ठरवला. त्यात २०२६ हे अख्खं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठी स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केलंय, म्हणजे मंडळं, महाविद्यालयं, पतसंस्था सगळ्यांचे सत्कार ओघानं आलेच.

शाल आणि नारळाचं फार वर्णन नको. सेटमधली शाल बहुतेक वेळा पॉलिस्टर मिश्रणाची असते, थंडीला उपयोगी नाही आणि अंगावरही नीट बसत नाही. ती कपाटात जाते आणि पुढच्या कुणाच्या तरी सत्काराला घडी न मोडता बाहेर येते. नारळाची चटणी होते, म्हणजे तो निदान कामी येतो. नारळाऐवजी तासगावचे बेदाणे किंवा सांगलीची हळद पाव किलोच्या पाकिटात दिली तर घरचे जास्त खूश होतात. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि दोन्ही इथेच पिकतात. बुके सरळ कापून टाका. कार्यक्रम संपेपर्यंत तो खुर्चीखाली गेलेला असतो.

खरा खर्च होतो सन्मानचिन्हावर, आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. बाजारात मुख्यतः चार जाती आहेत: ॲक्रिलिक, एमडीएफ, सोनेरी मुलाम्याचा कप आणि पितळी किंवा स्टीलची पट्टी लावलेलं लाकूड.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली पाटी. लेझरनं हवा तो आकार कापता येतो, त्यामुळे सांगलीचं गणपती मंदिर, कृष्णेवरचा आयर्विन पूल, साताऱ्याचा अजिंक्यतारा असे आकार यातच मिळतात. दुकानात ते फार छान दिसतं. पण कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर पहिल्याच पावसाळ्यात ओल धरून फुगतात, वरचा छापील थर कोपऱ्यापासून सुटतो. कृष्णाकाठच्या घरात, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलं तर लवकरच. घ्यायचंच असेल तर कडांना लॅकर किंवा रंगाचा हात मारून मागा. कडेवरून बोट फिरवल्यावर काळी पूड लागली तर तो माल कच्चा समजा.

ॲक्रिलिक टिकतं, पण छपाई कोणत्या बाजूनं आहे ते पाहायला हवं. समोरून केलेली यूव्ही छपाई नखानं खरवडली जाते, आणि घरी ओल्या फडक्यानं पुसपूस झाली की आधी बारीक अक्षरं जातात. मागच्या बाजूनं उलटी छपाई करून वर पांढऱ्या शाईचा थर दिला की अक्षरं काचेमागं राहिल्यासारखी सुरक्षित राहतात. खर्चात फार फरक पडत नाही, फक्त मागावं लागतं. जाडी निदान ५ मिलिमीटर घ्या. ३ मिलिमीटरचा तुकडा बैठकीच्या खाचेत डुगडुगतो आणि मोटारसायकलच्या डिकीतून विट्याला किंवा आटपाडीला पोहोचेपर्यंत खाचेपाशी तडकतो. बैठक ॲक्रिलिकचीच असू द्या. बऱ्याच वेळा वर ॲक्रिलिक आणि खाली एमडीएफ अशी जोडी लावून देतात, म्हणजे वरचं टिकतं आणि खालचं फुगतं.

मुलाम्याचे कप स्पर्धेसाठी ठीक आहेत. त्यावरचा सोनेरी थर आतल्या प्लास्टिकवर असतो, उन्हाच्या खिडकीत ठेवला की पांढुरका पडतो. शिवाय नाव चिकटपट्टीवर छापून लावलेलं असतं. ती पट्टी सुटली की कप कुणाचा, कशासाठी मिळाला, सगळं गेलं. लाकडावर कोरीव पितळी पट्टी ही या चारांत सगळ्यात चांगली, पण सगळ्यात महाग आणि जड. पंचवीस-तीस जणांना परवडत नाही.

या सगळ्यांपेक्षा सरस वस्तू सत्काराच्या दुकानात मिळतच नाही. ती भांड्याच्या दुकानात मिळते. स्टीलचा डबा, तांब्या किंवा पाण्याची बाटली घ्यायची आणि त्यावर नाव घालून घ्यायचं. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालणारं मशीन आपल्याकडच्या भांड्यांच्या दुकानांत असतं, आणि त्या नावाला वीस वर्षं घासलं तरी काही होत नाही. घराघरांतल्या जुन्या डब्यांवर आजोबा-पणजोबांची नावं आजही वाचता येतात, यापेक्षा टिकाऊपणाचा पुरावा काय हवा? दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पातळ पत्र्याच्या डब्यावर मशीन जोरात चाललं तर आतून उमटतं, म्हणून नाव काठाजवळ घाला. आणि दुहेरी भिंतीच्या, पाणी गरम ठेवणाऱ्या बाटलीवर ठोक्याचं मशीन नको, तिथे लेझर. मजकूर तीन ओळींचा पुरे: नाव, काम, वर्ष. संस्थेचं नाव चौथ्या ओळीत, लहान. देणगीदाराचा लोगो घालायचा आग्रह झाला तर तो तळाला. डबा रोज वापरला जातो, तळ कुणी बघत नाही.

आता प्रमाणपत्र. सेटमध्ये ते सगळ्यात स्वस्त असतं आणि म्हणून सगळ्यात निष्काळजीपणे केलेलं असतं. खरं तर एका मध्यम सन्मानचिन्हाच्या पैशात दहा उत्तम प्रमाणपत्रं छापून होतात, आणि नोकरीच्या अर्जाला, शिष्यवृत्तीला, परदेशी शिकायला जाताना जोडता येणारी सेटमधली एकमेव वस्तू तीच आहे.

आधी कागद. चकचकीत आर्ट कार्ड नको. त्यावर रबरी शिक्क्याची शाई वाळत नाही, वरचं प्रमाणपत्र खालच्याच्या पाठीवर निळा ठसा उमटवतं आणि बॉलपेनची सही घसरते. २५० ते ३०० जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये, जितकं जास्त तितका कागद भक्कम) मॅट किंवा आयव्हरी कार्ड, ए-फोर आकार, म्हणजे बाजारातली तयार चौकट बसते. खरबरीत टेक्स्चरचा कागद उंची दिसतो, पण लेझर प्रिंटरची पूड त्याच्या खळग्यांत नीट बसत नाही, अक्षरं तुटक येतात. ऑफिसच्या लहान प्रिंटरवर ३०० जीएसएम घालू नका, अडकतो. लॅमिनेशन करायचं असेल तर सही-शिक्का आधी, पूर्ण वाळू द्यायचं, मग लॅमिनेशन. उलटा क्रम झाला की प्लास्टिकवरची सही ओल्या बोटानं पुसली जाते. आणि इंकजेटवर छापलेलं प्रमाणपत्र लॅमिनेशनशिवाय देऊच नका, पाण्याचा एक थेंब पडला की नाव पसरतं.

नावं चुकणं हा या धंद्यातला कायमचा आजार आहे. कारण साधं आहे: यादी मोबाइलवर युनिकोडमध्ये तयार होते आणि डीटीपीवाला अजून जुन्या फॉन्टवर काम करतो. कन्व्हर्टरमधून नावं गेली की कुऱ्हाडे, गोऱ्हे यांतला ऱ्ह बिघडतो, सूर्यवंशींचा सुर्यवंशी होतो, ‘ॲड.’ गायब होतं. युनिकोडमध्येच काम करणारा छपाईवाला शोधा, किंवा निदान एक्सेलमध्ये यादी देऊन एकेक नाव हातानं टाइप न करता मर्ज करून घ्या, म्हणजे यादीतली नावं आपोआप प्रमाणपत्रांत भरली जातात. प्रूफ मागताना पहिलं प्रमाणपत्र मागू नका. यादीतलं सगळ्यात लांब नाव आणि जोडाक्षरांची पाच नावं मागा. ती बरोबर आली तर बाकीची येतात. यादी बनवताना आधार कार्डावर जसं आहे तसंच नाव विचारा. सुनीता की सुनिता हा प्रश्न व्यासपीठावर सुटत नसतो.

मजकूर हा त्याहून मोठा घोळ. ‘आपण केलेल्या बहुमोल सामाजिक कार्याबद्दल हे सन्मानपत्र देण्यात येत आहे’ हे वाक्य सांगली-साताऱ्यातल्या किती प्रमाणपत्रांवर असेल देव जाणे. त्यातून काहीच कळत नाही. २०२०मधली ‘कोविड योद्धा’ प्रमाणपत्रं आठवा: मोबाइलवर नाव टाका, फोटो टाका, डाउनलोड करा. ज्यानं खरोखर रुग्णांना डबे पोहोचवले त्याच्या आणि ज्यानं फक्त फोटो टाकला त्याच्या कागदात फरकच उरला नाही. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्या दिवसांत कुणी होडी वल्हवली, कुणी जनावरं हलवली, कुणी पाणी उतरल्यावर घराघरांतला गाळ उपसला. या तिघांना एकच मजकूर देणं म्हणजे तिघांचंही काम पुसून टाकणं.

प्रमाणपत्रावर एवढं असायला हवं: पूर्ण नाव, नेमकं काम, ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, ज्याच्या देखरेखीखाली काम झालं त्याचं नाव-पद-सही, संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि जावक क्रमांक. उदाहरणार्थ, ‘१४ ते २३ ऑगस्ट, पूरग्रस्त वस्तीत धान्यवाटप व घरांतील गाळ काढणे, रोज ६ तास, एकूण ६० तास.’ जावक क्रमांक म्हणजे कारकुनी हौस नव्हे. चार वर्षांनी एखाद्या महाविद्यालयानं फोन करून ‘हे खरं का’ विचारलं तर संस्थेत वही उघडून उत्तर देता येतं, एवढ्यासाठी तो. क्यूआर कोड छापायची फॅशन आलीय. तो संस्थेच्या फेसबुक पानावर नेत असेल तर निव्वळ नक्षी आहे.

एक चूक मात्र थेट कायद्यात अडकवणारी. ५ डिसेंबरचं प्रमाणपत्र म्हटलं की डिझाइनवाला इंटरनेटवरून संयुक्त राष्ट्रांचं निळं चिन्ह उचलून वर टाकतो. आणखी भारदस्त दिसावं म्हणून शेजारी अशोकस्तंभ. रक्तदानाचं असेल तर रेड क्रॉस. तिन्ही चिन्हं परवानगीशिवाय वापरायला बंदी आहे: संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हासाठी १९५०चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराविरुद्धचा कायदा, राजमुद्रेसाठी २००५चा कायदा, रेड क्रॉससाठी १९६०चा जिनिव्हा करार कायदा. ‘आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन, ५ डिसेंबर’ असं नुसतं अक्षरांत छापा. तेवढं पुरतं.

तास लिहायचे तर मोजावे लागतात, आणि तिथे बहुतेक संस्थांची दांडी उडते. हजेरीवहीत येण्याची सही होते, जाण्याची होत नाही, मग शेवटी सगळ्यांना सरसकट पन्नास तास. वहीत दोन रकाने ठेवा, आल्याची वेळ आणि गेल्याची वेळ, आणि जाण्याची सही झाल्याशिवाय चहा नाही असा साधा नियम करा. प्रवासाचा वेळ धरायचा की नाही, हे कामाच्या आधी ठरवा. राष्ट्रीय सेवा योजनेनं हे १९६९पासून नीट बसवलंय: वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तिच्या बिल्ल्यावरच्या कोणार्क चक्राचे आठ आरे दिवसाचे आठ प्रहर सांगतात.

बाहेर हा हिशोब कसा चालतो ते पाहिलं तर आपल्या सेटचा तोकडेपणा कळतो. तैवानमध्ये २००१पासून स्वयंसेवेचा स्वतंत्र कायदा आहे. प्रत्येकाला सेवेची नोंदवही मिळते. तीन वर्षं आणि ३०० तास झाले की मानकार्ड, ज्यावर सरकारी प्रेक्षणीय स्थळांवर मोफत प्रवेश. दक्षिण कोरियात १३६५ नावाची सरकारी यंत्रणा आहे, वर्षाचे १ आणि दिवसांचे ३६५. काम शोधणं आणि तासांची नोंद दोन्ही तिथेच. जर्मनीतल्या बऱ्याच राज्यांत आठवड्याला पाच किंवा वर्षाला २५० तास काम करणाऱ्याला कार्ड मिळतं आणि पोहण्याचा तलाव, संग्रहालय, नाट्यगृह इथे सवलत. अमेरिकेत २००३मध्ये सुरू झालेल्या आणि २०२५मध्ये थांबवलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वयंसेवा पुरस्कारात प्रौढांसाठी बारा महिन्यांत १०० तासांना कांस्य, २५०ला रौप्य, ५००ला सुवर्ण असायचं. ही सगळी मानचिन्हं दिसायला साधीच. किंमत आहे ती मागच्या नोंदीला.

असलं कार्ड इथेही काढता येईल. तालुक्यातल्या दहा दुकानांनी, एका ग्रंथालयानं आणि एका पॅथॉलॉजी लॅबनं दहा टक्के सवलत मान्य केली तरी पीव्हीसी कार्डाला जीव येतो. कार्ड एटीएमच्या मापाचं, मागे रक्तगट, सवलतीची मुदत आणि एक फोन नंबर. मुदत टाकायला विसरलात तर पाच वर्षांनी कुणीतरी ते दुकानात दाखवतं आणि भांडण होतं.

केंद्र सरकारचं माय भारत हे पोर्टल ३१ ऑक्टोबर २०२३ला सुरू झालं. संस्था त्यावर उपक्रम टाकते, मुलं नाव नोंदवतात आणि सहभागाची नोंद त्यांच्या खात्यावर राहते. महाविद्यालयीन मुलांसाठी चांगली सोय. पण ते मुख्यतः १५ ते २९ वयोगटासाठी आहे. इथे पुरात होडी घेऊन जाणारा पंचेचाळीशीचा असतो आणि आंबेनळी घाटात अपघातानंतर दोर लावून दरीत उतरणाऱ्यांमध्येही तिशी ओलांडलेले कमी नसतात. त्यांच्यासाठी कागदी प्रमाणपत्र आणि संस्थेची वही हाच आधार.

काही कामं एकट्याची नसतातच. ब्रिटनमध्ये २००२पासून राजघराण्याकडून स्वयंसेवी गटांना पुरस्कार दिला जातो. तो व्यक्तीला मिळत नाही, गटालाच मिळतो, आणि गटानं स्वतःचं नाव सुचवायचं नाही, बाहेरच्या कुणीतरी सुचवायचं. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. अंजनीच्या आर. आर. पाटलांनी ग्रामविकास मंत्री असताना सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस गावाला होतं. २०१६च्या पहिल्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, तेही श्रमदान करणारं अख्खं गाव. अशा ठिकाणी पंचवीस सन्मानचिन्हं वाटू नका, त्या पैशात गावासाठी एक पाटी करा. फ्लेक्सची नको, एका उन्हाळ्यात विटते. संगमरवरावर रंगवलेली अक्षरंही उडतात. ग्रॅनाइटवर कोरलेली घ्या. त्यातला सोनेरी रंग जाईल, पण कोरलेलं राहील. अक्षराची उंची निदान २० मिलिमीटर, नाहीतर चावडीसमोरून वाचता येत नाही. नावं बाराखडीप्रमाणे लावा. पदाप्रमाणे लावलीत तर पाटी बसायच्या आधी बैठक बसवावी लागेल.

एका ‘सेवे’ला मात्र शून्य गुण. फोन येतो, ‘आपल्या समाजकार्याची दखल घेऊन आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे’, आणि चौथ्या वाक्याला नोंदणी शुल्क निघतं. कुठे मानद डॉक्टरेटसुद्धा असते. ओळखायच्या खुणा सोप्या: निवड आधी आणि माहितीचा अर्ज नंतर, पैसे व्यक्तीच्या खात्यावर, आणि एका दिवशी एका सभागृहात दीडशे विजेते. त्यांचं सन्मानचिन्ह बाकी जाड असतं, ८ मिलिमीटर ॲक्रिलिक, मागून छपाई.

मागणी नोंदवायची वेळ सांभाळा. तुळशीची लग्नं लागली की छपाईवाल्याकडे लग्नपत्रिकांचा ढीग पडतो आणि ५ डिसेंबर नेमका त्यात येतो. नावांची यादी १५ नोव्हेंबरपर्यंत बंद, प्रूफ २० तारखेला, छपाई महिनाअखेरीच्या आत. शंभराची मागणी असेल तर नावाशिवायची, पण सही-शिक्क्याची जागा मोकळी ठेवलेली पाच प्रमाणपत्रं जादा छापून घ्या. कार्यक्रमाच्या सकाळी दोन नावं राहिलेली आठवतातच, आणि सुंदर अक्षराचं एखादं माणूस प्रत्येक संस्थेत असतंच. काळ्या जेल पेनानं लिहून घ्या, पाच मिनिटं पंख्याखाली ठेवा.